घरून निघणारी फौज

२२ नोव्हें., शनिवार
नागपूरहून दोघींना घेऊन आलो. रश्मी तीन वर्षांनी माहेरी. बारीक झाली आहे. मोटारीत बसल्यापासून तिच्या आईचं, सुमनचं, एकच चाललं होतं, अमेरिकेत लोक जेवतात की नाही. नात तारा पाच वर्षांची. मागच्या वेळी कडेवर होती, आता सीटवर ताठ बसून पट्टा मागते. आमच्या जुन्या गाडीचा मागचा पट्टा केव्हाचा अडकलेला. "आबा, हे सेफ नाही," म्हणाली. तपासणीला आलेल्या अफसरानं सांगावं तसं. मी होय म्हणालो, दुसरं काय म्हणणार.

शनिवार म्हणून रस्त्यावर जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी. सौंसरला पोचेस्तोवर अंधार. बाग उद्या दाखवू. जावई निखिल आलेला नाही, कंपनीच्या कामानं त्याला महिन्यातला निम्मा वेळ बाहेरगावी राहावं लागतं. सुमनला ते पटत नाही. मला म्हणाली, "पोरगी नोकरी करून राहिली, जावई फिरून राहिला, मंग लेकरू कोन पाहते?"

२३ नोव्हें., रविवार
बागेत संत्र्याची तोड चालू. तारानं खाली पडलेली संत्री वेचून एका झाडाखाली रांग लावली. रश्मी मजूर बायांशी बोलत बसली, तिची बोली अजून शाबूत आहे.

दुपारी लोधीखेड्याहून सुभेदार कामडी आले. पायदळातून निवृत्त. मी वायुसेनेतून, म्हणून आमची चहाला भांडणं ठरलेली. ते मला सावलीतला फौजी म्हणतात. मुद्दाम र.ला भेटायला आले होते.
"कोठी पोस्टिंग आहे बेटा?"
"पोस्टिंग नसते काका. मी राखीव आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार जाते, वर्षातून सलग पंधरा दिवस. बाकी दवाखान्यात नर्स."
"म्हणजे इतवारचा फौजी," सुभेदार म्हणाले आणि हसले. र.पण हसली.

मला लागलं. गेली सहा वर्षं मी गावभर सांगत आलो की पोरगी अमेरिकेच्या वायुसेनेत कॅप्टन आहे, सार्जंटच्या पोटी अफसर. खोटं नाही ते. पण राखीव हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. मी वीस वर्षं पूर्ण केलेला माणूस, फौज म्हणजे चोवीस तासांची, बाकी सगळी हौस, हेच डोक्यात. सुभेदारांवर चिडलो ते बहुतेक त्यांनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं म्हणून.

२५ नोव्हें., मंगळवार
आज र.ची रीतसर उलटतपासणी घेतली. सुमन म्हणाली, पोरीला सुट्टी आहे का इंटरव्ह्यू.

कळलं ते असं. हिच्या तुकडीचं काम मालवाहू विमानातून जखमी आणि आजारी लोक आणायचं. विमानात खाटा लावायच्या, वर जाऊन रोगी सांभाळायचे. हिच्या हाताखालचा एक माणूस एरवी शहराच्या अग्निशमन दलात मोठा साहेब आहे. एक बाई शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळी सगळे गणवेश घालून हजर, सोमवारी पुन्हा आपापल्या जागी.

आणि एकमेकांना नावानं हाक मारतात. कॅप्टनला नावानं! मी विचारलं, मग शिस्त?
म्हणाली, "शिस्त विमानात असते बाबा. पार्किंगमध्ये कायले पाह्यजे?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलं नाही. कारण तिनं लगेच पुढचं सांगितलं. हीच माणसं नऊ वर्षं सोबत आहेत. तेच विमानतळ, तीच विमानं, तेच चेहरे. कोण घाबरला की बडबडतो आणि कोण घाबरला की गप्प होतो, हे सगळ्यांना माहीत.

माझ्या आठ बदल्या झाल्या. आग्रा, तांबरम, जोरहाट, चंदीगड… एखाद्या विमानाचं इंजिन ओळखीचं व्हावं, आवाजावरून दुखणं कळायला लागावं, की हुकूम यायचाच. नव्या जागी पुन्हा नवी माणसं. आम्ही त्याचा अभिमान बाळगला, कुठंही टाका, काम करू. तो खराच होता. पण नऊ वर्षं एकच विमान हाताखाली मिळणं… मला हेवा वाटला, लिहून ठेवतो.

२७ नोव्हें., गुरुवार
सुमन आणि र. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी पेपर धरून ऐकत होतो.

र. सांगत होती, विमानात इतका आवाज की छातीला स्टेथोस्कोप लावून उपयोग नाही, काही ऐकू येत नाही. मग काय करता? रोग्याच्या छातीवर हात ठेवायचा, ओठांचा रंग पाहायचा, डोळे पाहायचे. ज्या इंजिनांच्या आवाजावर मी वीस वर्षं छाती फुगवून चाललो, त्याच आवाजात पोरीला माणसाचा श्वास ऐकू येत नाही. हे कधी सुचलंच नव्हतं. आम्ही इंजिन दुरुस्त करून खाली उभे राहायचो. आत कोण आहे ते पाहायला कधी गेलो नाही.

मग मीच विचारलं, अशा कामाला पूर्ण वेळचे लोक का नाहीत? आहेत, म्हणाली, पण या कामात जास्त करून राखीवच. पूर्ण वेळच्या नर्सला शांततेच्या काळात तळावरचे सर्दी-खोकलेच जास्त. आणि ही आठवड्यातले चार दिवस अतिदक्षता विभागात, मरणाच्या दारातली माणसं हाताळून राहिली. हात चालता राहतो.

हे मला एका फटक्यात समजलं. उभं राहिलेलं इंजिन लवकर गळायला लागतं, हे फिटरला वेगळं सांगावं लागत नाही. इतवारचा फौजी म्हणे! हिचा सोमवार ते शनिवार कोणी पाहिला?

सुमननं एवढंच विचारलं, "रडतात काय गं पेशंट?"
"कोणी आईले बोलावते," र. म्हणाली.
दोघी बराच वेळ शेंगाच सोलत होत्या.

२९ नोव्हें., शनिवार
मोटारपंपाजवळ र.नं मला एकट्याला गाठलं. बोलावणं आलं आहे. जानेवारीत निघायचं. सहा महिने, लांबूही शकतं. नक्की तारीख अजून नाही. कुठे ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नसतं, आणि फौजी असून विचारलं म्हणून मलाच वाईट वाटलं असतं.

ती खरी आली ती ताराचं विचारायला. निखिल निम्मा महिना घराबाहेर. एक तर ताराला इथं सौंसरला ठेवायचं, नाहीतर आमच्यापैकी कोणी तिकडं जायचं. "आईले मीच सांगतो बाबा. सोमवारपर्यंत तुम्ही काही बोलू नोका."
बरं म्हणालो.

खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. पोरीला बोलावलं, म्हणजे ती लागते. भीती नंतर आली, तुरीला पाणी सोडून परत येताना. तोवर मी मनात पुढच्या तयारीला लागलो होतो.

३० नोव्हें., रविवार
मोठा घोटाळा करून ठेवला.

सुमन बाजारात गेली होती, र. ताराला घेऊन बागेत. मला वाटलं, पोरीला काहीतरी द्यावं. माळ्यावरून माझी काळी ट्रंक उतरवली, जिनं आठही बदल्या पाहिल्या. धुतली, कडी-कोयंड्याला तेल घातलं, काळा रंग दिला. तो वाळल्यावर पांढऱ्या रंगानं वर नाव काढलं: कॅप्टन रश्मी, खाली तिची तुकडी. अक्षर अजून सरळ येतं. अंगणात वाळत ठेवली आणि चहा टाकायला आत गेलो.

सुमन भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आली आणि ट्रंकेसमोर उभी राहिली. वीस वर्षांत ज्या ज्या वेळी ती ट्रंक अंगणात वाळत पडली, त्या त्या वेळी आठवड्यात घर उठलं. तिला आणखी काय सांगायचं बाकी होतं?
"कवा?" एवढंच म्हणाली.
"जानेवारीत."
आत जाऊन भाजी निवडायला बसली. र. आली तेव्हा मान वर न करता तिला म्हणाली, "मले हे पेंट वाचून समजावं काय?"
र.नं माझ्याकडे पाहिलं. फौजेत असे डोळे फार पाहिले, पण ते अफसरांचे. हेही अफसराचेच म्हणा.

नंतर ट्रंकेपाशी आली. रागावेल वाटलं. म्हणाली, "बाबा, ट्रंक कायले? आम्ही घर नाही उचलत. घर तिथंच राहते, मी एकटी जातो." तिची बॅग म्हणे जिन्याखालच्या कपाटात बारा महिने भरलेली असते, ताराच्या शाळेच्या बुटांच्या बाजूला.

मी वीस वर्षांचा फौजी, आणि एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

१ डिसें., सोमवार
सु. बोलत नाही. आम्हाला वाढते, स्वतः मागून जेवते.

दुपारी माय-लेकींचं झालं.
"नाही म्हनून सांग. बाकीच्या नर्सा काय कमी आहेत?"
"सही केली आहे आई. तवा तूच पेढे वाटले."
"मी पेढे वाटले थे कॅप्टनचे. हे बोलावनं त्यात आहे म्हनून मले कोनी सांगतलं होतं?"
 मग सु. माझ्याकडे वळली. "तुम्हाले तर आनंदच झाला असन."
झाला होता. नाकारला नाही.

३ डिसें., बुधवार
सुभेदार आले. त्यांच्या कानावर गेलं होतंच, सौंसरमध्ये काही लपत नाही. त्यांचा समज असा की राखीव माणूस मर्जीचा मालक, यायचं तर येतो.
"नाही काका. हुकूम आला की जावंच लागते. तुमच्यासारखंच."
"मंग फरक कायचा?"
 मग र.नं चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तेव्हाही एकदा काही महिन्यांसाठी बोलावलं होतं. (मला वाटलं होतं प्रशिक्षण. तिनं तसंच सांगितलं होतं आणि मी खोदून विचारलं नव्हतं.) दोन रोगी विमानातच दगावले, तिच्या हातात. परत आली, आठवडाभर घरी राहिली आणि दवाखान्यात कामावर रुजू झाली. वॉर्डमधल्या एका नर्सनं विचारलं, सुट्टी कशी झाली?
"मंग तू काय म्हनली?"
"चांगली झाली म्हटलं. एवढ्या लांबून कोठून सुरू करू?"

सुभेदार परतले होते ते पलटणीसोबत. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातच राहिले, त्यांच्यातच रडले, प्यायले, भांडले. मीही तसाच. हिला सोमवारी वेगळ्या जगात जाऊन बसायचं असतं आणि तिथं कोणाला काही माहीत नसतं. सुभेदारांनी भज्यांची प्लेट तिच्यासमोर सरकवली. जाताना फाटकाशी तिला सॅल्यूट ठोकला, हसत नव्हते. तिनं परत केला, कडक. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

सु. दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

४ डिसें., गुरुवार
तीन दिवसांनी सु. आपणहून बोलली, र.शी.
"तू जाशीन तवा बाजूच्या घरी कोन राहते?"
"म्हातारं जोडपं आहे."
"त्यायले माहीत आहे, तू फौजेत आहे म्हनून?"
"नाही गं. कोणालेच नाही आमच्या गल्लीत."
सु.ला हे खरंच वाटेना. जोरहाटला मी बाहेर ड्यूटीवर असताना र.ला ताप चढून आकडी आली होती. बाजूच्या क्वार्टरची मल्याळी बाई अनवाणी धावत तिला घेऊन तळावरच्या दवाखान्यात गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पुढं दोन महिने ती सु.च्या घरी भाजी पाठवत होती. रांगेतल्या प्रत्येक घरचा नवरा कधी ना कधी बाहेर असायचा, म्हणून कोणाला काही समजावून सांगावं लागत नसे.
"आन तुया इथं?" सु. म्हणाली. "तारीले ताप आला त कोन धावन?"
 सु.नं तिच्या केसांना तेल लावलं. आज सगळे सोबत जेवलो.

६ डिसें., शनिवार
महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत पुतळ्याजवळ. तारा माझ्या खांद्यावर, हातात मेणबत्ती, मेण माझ्या डोक्यावर. वंदना झाल्यावर बाया र.भोवती जमल्या. कॅप्टन आहे ना तुमची पोरगी, एकीनं विचारलं. एरवी सु. मान डोलावून पुढं जायची. आज थांबली.
"नर्स आहे. बोलावलं का फौजेत जाते. घर-दार टाकून."
आवाजात राग नव्हता. मी सहा वर्षं बढाया मारल्या, त्यात हे एवढं नीट एकदाही आलं नव्हतं.

९ डिसें., मंगळवार
र. पांढुर्ण्याला मैत्रिणीकडे गेली, मुक्कामाला. तारा आमच्याकडे. सु.ला परीक्षा घ्यायची होती, की लेकरू आईवाचून इथं राहतं का.

रडेल म्हणून मी खेळणी काढून ठेवली होती. ती संध्याकाळी माझ्याजवळ आली आणि विचारलं, "मम्मा वर्कला गेली की ड्रिलला?"
मैत्रिणीकडे, म्हणालो.
"मग उद्या येते." आणि जेवायला बसली.

तिच्याकडे आई घरात नसण्याचे दोन वेगवेगळे शब्द आहेत, वर्क म्हणजे दवाखाना आणि ड्रिल म्हणजे फौजेचा शनिवार-रविवार. मग तिनं सु.ला सगळं सांगितलं, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ड्रिल असलं की बाबा कसा धिरडं करतो आणि ते कसं जळतं, शाळेत दप्तर अडकवायचा तिचा हुक कुठला, शेजारच्या आजोबांचं मांजर कोणत्या खिडकीत बसतं. सु. ऐकत होती. तारा झोपल्यावर म्हणाली, "हिले इथी नाही ठेवायचं."
"राहील की. शहाणी आहे."
"राहीन. पन कायले? रश्मीच्या सहा शाळा बदलल्या आपन. दरवेळी नवा वर्ग, नवी भाषा, रडत जाये. आपली फौजच तशी होती. हिच्या फौजेत एकच त चांगलं आहे, घर जागेवर राहते. थे बी आपन मोडायचं काय?"

मी इतके दिवस तुकड्या, विमानं, हुद्दे यांची तुलना करत बसलो. खरी गोष्ट या बाईनं दोन वाक्यांत सांगितली.

११ डिसें., गुरुवार
जेवताना सु.नं जाहीर केलं, "मी चाललो अमेरिकेले."
र.चा घास हातातच राहिला. ताराच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघं गेलो होतो, तो व्हिसा अजून चालतो. पण तेव्हा सोबत मी होतो. सु.ला गुडघ्यांचा त्रास, इंग्रजी कामापुरतं, विमानात कान दुखतात. मी म्हणालो, मी जातो, नाहीतर दोघं जाऊ. बागेचं पाणी तोडून आता ताण दिलेला, जानेवारीत पाणी सोडायचं, त्याच वेळी मी गेलो तर पुढचा बहार गेला. हे मला माहीत होतं आणि तिलाही.
"आठ बदल्या केल्या तुमच्यामांगं," सु. म्हणाली. "ही नववी. मायी एकटीची."
र. रडली. नऊ वर्षांत विमानात रडली नसेल. तारानं तिला पाणी आणून दिलं.

१३ डिसें., शनिवार
दोघींना नागपूरला सोडून आलो.

रस्त्यात र.नं सगळं नीट समजावून सांगितलं. आई जानेवारीच्या सुरुवातीला येईल. पण पाहुण्याला तिकडं एका वेळी सहा महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. र.चं काम सहा महिन्यांत संपलं तर प्रश्न नाही. लांबलं तर आईला परत यावं लागेल, आणि मग…
तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चालवत होतो.
"लांबन काय?" सु.नं विचारलं.
"सांगता येत नाही आई. मागच्या वेळी लांबलं होतं."

विमानतळावर आत जाण्याआधी ताराच्या पिशवीत सु.नं संत्री कोंबली. र. माझ्या पाया पडायला वाकली तर मी तिला अर्ध्यातच उचलली. सॅल्यूट करायचं घरून ठरवून गेलो होतो, सार्जंटनं कॅप्टनला करावा तसा. हात उचललाच नाही. तिला धरून उभा राहिलो. लोक पाहत होते, पाहोत.

१४ डिसें., रविवार
घर मोठं वाटतं. सु.नं कपाट उघडून स्वेटर बाहेर काढले आहेत.

सकाळी विचारलं, "आन मी काय करू?"
"तुम्ही राखीव," ती म्हणाली. "बोलावलं का यायचं."
"कधी बोलावशील?"
"मले काय माहीत? तुमच्या लेकीले तरी कोठी माहीत आहे?" मग थोड्या वेळानं, "तोवर बाग पाहा. आन स्वयंपाक शिकून घ्या. तिकडं मेस नाही."

मी हसलो, ती हसली नाही. स्वेटरच्या घड्या करत होती. 

वीस वर्षं हुकमाची वाट पाहिली, पण ती बराकीत, सगळे मिळून, पत्ते खेळत. रोजचं काम करायचं, झाडाला पाणी द्यायचं, बाजार आणायचा, आणि कोणत्याही घडीला उठून जायची तयारी ठेवायची, हे मी कधी केलेलं नाही. पोरगी नऊ वर्षं करते आहे. आता तिची आई शिकते आहे. मला जमेल की नाही, खात्री नाही.

सु.नं आज वरण लावायला शिकवलं. र.चा फोन अजून आला नाही.